प्रकल्प नोंदी: थंडीतले दोन शॉवर, मुरुड आणि मिनिआपोलिस

१६ डिसेंबर, दापोली

मुरुडच्या काकूंचा सकाळी फोन. मुरुड म्हणजे आमच्या दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नव्हे. तक्रार अशी: सोलरची टाकी भरलेली असते, खालच्या नळाला गरम पाणी येतं, पण शॉवर सोडला की गार. दिवाळीपर्यंत कुणी काही बोललं नव्हतं, थंडी पडल्यापासून पाहुण्यांची रोज कुरकुर. नाताळात सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत. "ते शॉवर जुने झालेत, नवे आण आणि बसवून टाक," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

नवे शॉवर आणत नाही. शॉवर म्हणजे शेवटी भोकं पाडलेली ताटली. गरम पाणी तिथपर्यंत पोहोचतच नसेल तर ताटली बदलून काय होणार? थंडीच्या दिवसांत लोकांचा सगळ्यात जास्त पैसा असाच जातो. आधी शॉवर बदलतात, मग मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ), मग गिझर, आणि मूळ दोष वर स्लॅबवर तसाच राहतो. अशा तक्रारी दर डिसेंबरला येतात, म्हणून या कामाची नोंद नीट ठेवतो आहे.

सोबत न्यायचं: थर्मामीटर, पंधरा लिटरची खूण केलेली बादली, पाइप पाना, टेफ्लॉन टेप, लिंबूसत.

१८ डिसेंबर, मुरुड

आसूदचा उतार लागला की हवाच बदलते. दापोली साधारण आठशे फुटांवर, तिथं पहाटे पारा दहा-अकरापर्यंत येतो. खाली समुद्राकाठी तीन-चार अंश जास्त. तरी सकाळी सातला काकूंच्या टाकीतलं पाणी २० अंश होतं. काळी टाकी, वर मोकळं आकाश. रात्रभर ती आपली उष्णता वर सोडत राहते. वीस अंशांच्या पाण्याखाली कुणी सुखानं उभं राहणार नाही.

घरातली पाण्याची वाट आधी कागदावर काढली. विहिरीतून टाकीत. टाकीतून तीन ओळी: एक सोलरला, एक स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीला, तिसरी प्रेशर पंपातून न्हाणीघरांच्या गार पाण्याला. हा पंप गेल्या मे महिन्यात बसवलेला, पाहुण्यांना शॉवर जोरात हवा म्हणून. सोलरवरून गरम पाणी मात्र नुसत्या उतारानं खाली येतं.

मग बादली. शॉवरखाली ठेवून आधी प्रत्येक पाणी एकटं मोजलं. फक्त गार: बादली दीड मिनिटात भरली. फक्त गरम: पावणेतीन मिनिटं, ४६ अंश. धार मंद, पण आहे. मग दोन्ही चाव्या पूर्ण उघडल्या. बादली भरली दीड मिनिटात, पाणी २० अंश.

दोन्ही उघडल्यावर जेवढं गार एकटं येत होतं तेवढंच आलं, आणि ऊबही तेवढीच. म्हणजे गरम पाण्याचा वाटा शून्य. पंपाचं पाणी मिक्सरमध्ये जोरानं घुसतं आणि गरम पाण्याला तोंडाशीच अडवतं. टाकीचा तळ शॉवरपेक्षा अडीच मीटर वर आहे. दहा मीटर उंचीला एक बार दाब, त्या हिशेबानं गरम ओळीत पाव बार. पंप दोन बारच्या आसपास देतो. त्याच्यापुढे पाव बार कसा टिकेल?

काकूंना विचारलं, रात्री पंपाचा आवाज येतो का? म्हणाल्या, "येतो की. सगळे झोपलेले असतात आणि तो मधेच घुर्रर करून बंद होतो. मला वाटलं उंदीर वायर कुरतडतायत." स्लॅबवर जाऊन पाहिलं. सोलरच्या टाकीवर हवेसाठी उभी नळी असते, तिच्या तोंडाशी थेंब लोंबत होता आणि खाली सिमेंटवर शेवाळाचा हिरवा ओघळ उतरला होता. अशी रेघ एका-दोन दिवसांत पडत नाही.

उलगडा असा. मिक्सर जुन्या पद्धतीचा, दोन चाव्यांचा, आणि त्याला हातशॉवर जोडलेला. पाहुणे चाव्या बंद करत नाहीत, हातशॉवरचं बटण दाबून पाणी थांबवतात. मग बाहेरची वाट बंद, आतली दोन्ही तोंडं उघडी. पंपाचं गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम ओळीत शिरतं, चढून सोलरच्या टाकीत जातं आणि हवेच्या नळीतून बाहेर पडतं. दिवसभर तापलेलं पाणी रात्रीतून गार होतं, विजेचं बिल वाढतं, विहिरीचं पाणी स्लॅबवर सांडतं. आणि सकाळी शिव्या बसतात शॉवरला.

हे मे महिन्यापासूनच होत असणार. तेव्हा टाकीतलं पाणीच तीस अंशांचं, ते नुसतं अंगावर घेतलं तरी बरं वाटतं. मिसळायचं म्हटलं तरी सोलर ६५ देत असताना ३७ अंशांसाठी शंभरात वीस वाटे गरम पुरतं. आज गार २०, गरम ४६, आणि थंडीत अंगाला ४० हवं. म्हणजे शंभरात सत्त्याहत्तर वाटे गरम लागतं. उन्हाळ्यात झाकलेला दोष थंडी उघडा पाडते, तो असा.

पण एक प्रश्न उरतो. निरभ्र आकाश असताना सोलरचं पाणी ४६ वरच का?

१९ डिसेंबर

ताटल्या काढून लिंबूसताच्या कोमट पाण्यात ठेवल्या. देशावर शॉवर पांढऱ्या क्षारानं बुजतात. आपल्याकडे जांभ्यातलं पाणी मऊ, पण लोह आणतं, त्यामुळे भोकांत तांबडा गाळ. जुन्या टूथब्रशनं घासल्यावर निघाला. धार सरळ झाली. एवढंच.

२१ डिसेंबर, मुरुड

मुद्दाम आज आलो आणि दुपारी बारा ते तीन स्लॅबवर बसलो. सूर्य आज दक्षिणेच्या टोकाला. आपण साधारण पावणेअठरा अक्षांशावर, म्हणजे भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४९ अंशांपर्यंतच चढतो. एप्रिलच्या मध्यावर तोच ८० च्या वर असतो.

सोलर बसवला निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला दक्षिणेकडचे माड आडवे झाले आणि त्या बाजूला आकाश मोकळं झालं. काकूंनी ती जागा उघडी पाहूनच सोलर तिकडे घेतला होता. त्या मोकळ्या जागेत नंतर शेवगा लावला. शेवगा कसा वाढतो ते सांगायला नको. आज त्याचा शेंडा सोलरच्या काचेच्या नळ्यांच्या तळापेक्षा तीन मीटर उंच आहे, अंतर जेमतेम अडीच मीटर. एप्रिलमध्ये दुपारी तीन मीटरची सावली अर्ध्या मीटरच्या आत पडते, नळ्यांपर्यंत येत नाही. आज ती अडीच मीटरच्या पलीकडे गेली. बारापासून दोनपर्यंत निम्म्या नळ्या शेवग्याच्या जाळीदार सावलीत होत्या. जाळीदार असल्यामुळेच कुणाच्या डोळ्यांत आली नव्हती.

काकूंना वर बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं, पटलं, आणि तरी म्हणाल्या, "आत्ता छाटायचा नाही हं. फुलावर आलाय. शेंगा झाल्या की वैशाखात काय करायचंय ते कर." त्यांचंही बरोबर आहे. शेवग्याची छाटणी शेंगा संपल्यावरच करतात. पण वैशाखात सावलीही राहत नाही आणि गरम पाण्याची गरजही.

मधला मार्ग काढला: खोडाला हात लावायचा नाही, बुंध्याकडच्या फांद्या तशाच ठेवायच्या, फक्त वरचे दोन उभे शेंडे उतरवायचे. शेंड्यावरच्या शेंगा तशाही आकडीनं निघत नाहीत. शेंडे खाली आले तेव्हा काकू परडी घेऊन उभ्या होत्या. फुलं खुडून घेतली, संध्याकाळी कांदा-खोबरं घालून भाजी झाली. मला डब्यात दिली.

नळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या. समुद्र जवळ असल्यावर काचेवर खारट थर बसतोच. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. दर पंधरा दिवसांनी पहाटे, नळ्या गार असताना, साध्या पाण्यानं धुवायच्या. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकते, हे काकूंच्या मुलाला दोनदा सांगितलं.

२३ डिसेंबर, मुरुड

मुख्य काम. पर्याय दोन होते. एक, गरम ओळीवरही पंप बसवायचा, गरम पाणी सोसणारा. दुसरा, न्हाणीघरांचं गार पाणी पंपातून काढून थेट टाकीवरून, उतारानं आणायचं, म्हणजे दोन्ही पाण्यांना एकाच उंचीचा दाब मिळेल. सोलरच्या आधी पंप बसवून सगळ्यालाच दाब द्यायचा, हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. उघड्या हवानळीच्या सोलरला तो चालत नाही, टाकी फुगून फाटू शकते.

मी दुसरा घेतला. दोन पंप म्हणजे दोन मोटारी, खारी हवा, आणि वीज गेली की दोन्ही पाणी बंद. उतारानं येणारं पाणी वीज नसताना येतं. धार थोडी कमी राहील हे काकूंना आधीच सांगितलं. पाहुण्यांना जोर कमी चालतो, गार चालत नाही.

टाकीपासून न्हाणीघराच्या फाट्यापर्यंत एक इंची सीपीव्हीसी (प्लॅस्टिकची नळी) टाकली, फाट्यावर पाऊण इंची केली. उतारावरच्या पाण्यात बारीक नळी आणि जास्त एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, म्हणजे दाबाची नासाडी. पंप पडवी आणि अंगणातल्या नळापुरता ठेवला. गरम ओळीवर प्रत्येक न्हाणीघराआधी एकेक एनआरव्ही, म्हणजे पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. इथं लक्षात ठेवायचं: स्प्रिंगवाला एनआरव्ही उघडायलाच दाब खातो आणि आपल्याकडे मुळात पाव बार. म्हणून आत नुसती लोंबती झडप असलेला घेतला, आडव्या नळीत, बाण शॉवरच्या दिशेला करून.

पाणी सोडल्यावर गरम ओळ थोडी अडली. नळीत हवा धरली होती. खालचा नळ उघडून ठेवला, खोकल्यासारखे दोन-तीन हिसके आले आणि धार लागली.

मोजणी: गार एकटं सव्वादोन मिनिटं, गरम एकटं अडीच. दोन्ही मिळून पावणेदोन. गरमची चावी पूर्ण आणि गारची अर्धी ठेवली की अंगावर ४० अंश. गरम ओळीचं पाणी आज सकाळीच ५१ होतं, दोन दिवसांच्या उन्हात पाच अंश वाढ.

रात्री नऊपर्यंत थांबलो. मुद्दाम चाव्या उघड्या ठेवून हातशॉवर बटणानं बंद केला. पंप हलला नाही, हवेची नळी कोरडी.

२७ डिसेंबर, दापोली

नोंद वेगळ्या घरची, पण लिहून ठेवणं भाग आहे. एका बिऱ्हाडात गॅस गिझर पेटत नव्हता. पाण्याचा दाब कमी, त्यामुळे आतला पडदा उचलला जात नाही, ठिणगी पडत नाही. दुरुस्ती सोपी होती. केली नाही. गिझर न्हाणीघराच्या आत होता, आणि थंडी वाजते म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला.

बंद खोलीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. माणसाला फक्त गुंगी येते, डोकं जड होतं, आणि कडी आतून लावलेली असते. दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठून ना कुठून अशी बातमी येते. गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत, आणि फक्त गरम पाण्याची नळी आत. याशिवाय मी हात लावणार नाही असं त्यांना स्पष्ट सांगितलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "पूर्वीचा बंब बरा होता, तो अंगणात असायचा." अगदी खरं आहे. पुठ्ठा मी स्वतः काढून टाकला. उद्या गिझर बाहेर हलवतो.

४ जानेवारी, दापोली

विजेचा गिझर, पंधरा लिटर, दोन किलोवॅट. "थंडीत तापतच नाही." हीटर ठीक, थर्मोस्टॅट ठीक. सकाळी साडेसहाला मीटर लावला तर १९० व्होल्ट; त्या वेळी वाडीतले सगळे पंप आणि गिझर एकदम चालू असतात. व्होल्टेज उतरलं की वीजशक्ती त्याच्या वर्गानं उतरते. २३० ला जो गिझर वीस अंशांचं पाणी साठपर्यंत २१ मिनिटांत नेतो त्याला १९० वर ३१ मिनिटं लागतात. दहा मिनिटं आधी चालू करा, किंवा पहाटे पाचला तापवून ठेवा. नवीन गिझरची गरज नाही. फी घेतली नाही, चहा घेतला.

१२ जानेवारी

संध्याकाळी साडेसहाला भाच्याचा व्हिडिओ कॉल, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसहून. तिकडे सकाळचे सात. बाहेर उणे २७.

"मामा, शॉवरला पाणीच नाही. काल रात्री होतं."

बेसिनला? आहे, दोन्ही. कमोडला? आहे. शॉवर पूर्ण गरमकडे फिरवला? फिरवला, नुसते थेंब. त्याचा तर्क असा की गरम पाण्याची नळी गोठली, कारण गरमकडे फिरवूनही काही येत नाही.

तसं असेलच असं नाही. तिकडच्या एका दांड्याच्या शॉवर मिक्सरमध्ये दाब तोलणारी सरकती दट्टी असते. घरात कुणी फ्लश केला आणि गार पाण्याचा दाब अचानक पडला तर अंगावर कढत पाणी येऊ नये, म्हणून ती लगेच गरमही आवळते. गार ओळ पुरती बंद झाली की ती गरम ओळही जवळजवळ बंद करते, दांडा कुठंही असो. मुरुडला गार पाणी जास्त जोरकस होऊन गरमला अडवत होतं. इथं गार नाहीसं झाल्यानं गरम अडतंय. दोन्हीकडे शॉवर निर्दोष, दोन्हीकडे आधी दोन पाणी सुटी करून तपासायची.

त्याला सांगितलं, शॉवरच्या भिंतीमागे काय आहे बघ. कपड्यांचं कपाट निघालं, आत खाली एक फळी, चार स्क्रूवर. काढली. फोन आत धरला तेव्हा मलाही दिसलं: तांब्याच्या दोन नळ्या, उजवीकडची कोरडी, तांबूस, डावीकडची कोपऱ्यातून वळून बाहेरच्या भिंतीकडे जाणारी, आणि वळणाच्या पुढे वीतभर पांढरी. त्यानं बोट लावलं तर दंव नखात आलं. मागून बघताना डावीकडची म्हणजे गारची. उत्तरेची भिंत, कपाटाचं दार कायम बंद, आणि हा शनिवार-रविवार मित्राकडे जाताना घरातलं तापमान तेरावर ठेवून गेला होता. खोलीत तेरा म्हणजे बंद कपाटात, भिंतीच्या पोकळीत किती राहणार? बाहेर उणे ७ च्या खाली गेलं की उघड्या-बोडक्या नळ्यांना धोका सुरू होतो. इथं तर उणे २७.

सगळ्यात आधी विचारलं, घराचा मुख्य कॉक कुठं आहे? तळघरात. जाऊन हात लावून ये, फिरतो का बघ. नळी आतून तडकली असेल तर बर्फ असेपर्यंत गळत नाही, बर्फ वितळला की गळते, आणि तेव्हा कॉक शोधायला वेळ नसतो. दुसरं, घरमालकाला आत्ताच कळव. भाड्याचं घर आहे, भिंत त्यांची आहे. त्यानं कळवलं. मालकाचा माणूस दुपारी येणार, तोवर हेअर ड्रायरनं ऊब द्यायला हरकत नाही असं उत्तर आलं.

मग काम. शॉवरचा दांडा मधोमध उघडा ठेवायचा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, पण नळी बहुतेक वेळा बर्फापाशी फुटत नाही; बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि तिथं फुटते. तोंड उघडं असलं की दाबाला वाट मिळते. ड्रायर मिक्सरच्या बाजूनं सुरू करून हळूहळू भिंतीकडे न्यायचा. मधूनच तापवलं तर वितळलेलं पाणी दोन्हीकडून बर्फात कोंडतं. मेणबत्ती, लायटर, ब्लो टॉर्च असलं काही नाही. लाकडी घर आहे, भिंतीत कापूस भरल्यासारखा थर आहे. खाली टॉवेल, ड्रायरची वायर पाण्यापासून लांब.

त्याची आई, म्हणजे माझी ताई, इकडे माझ्या शेजारी बसून "अरे भाजशील, हातमोजे घाल" सांगत होती.

पाऊण तासानं शॉवरमध्ये सुस्कारा ऐकू आला, मग थुंकल्यासारखं पाणी, मग धार. दंवाची जागा ओली झाली, ओली ती कोरडी झाली. टिश्यू पेपर जोडांवर फिरवायला लावला. कोरडा. नळी वाचली.

१३ जानेवारी

सकाळी सातला मीच फोन केला, तिकडे रात्रीचे साडेसात. आजही उणे पंचवीसच्या आसपास राहणार. कपाटाचं दार उघडं, फळी काढलेली, खोली वीसवर. रात्री शॉवरला करंगळीपेक्षा बारीक धार, दांडा मधोमध, म्हणजे दोन्ही नळ्यांतलं पाणी हलतं राहील. फक्त गरमकडे ठेवून थेंब सोडले तर गार ओळ पुन्हा थांबलेलीच राहते, हे तिकडचे लोकही विसरतात असं त्याच्या मालकाचा माणूस म्हणाला.

त्या माणसानं भिंतीत एक फट शोधली, बाहेरच्या पाइपाच्या भोकाशी. तिथून झोत सरळ नळीवर येत होता. वाऱ्यानं नळी हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण गार होण्याचा वेग कितीतरी वाढतो. फट फोमनं बुजवली, नळीला फोमची सालं चढवली. फट बुजवणं जास्त मोलाचं.

१९ जानेवारी

भाचा पुन्हा. धार उत्तम, पण पाणी कोमट, आणि दांडा पूर्ण गरमकडे. बेसिनला मात्र कढत येतं.

हे वेगळं प्रकरण. त्या मिक्सरच्या दांड्याखाली प्लॅस्टिकची दातेरी चकती असते, दांडा गरमकडे किती फिरावा याला अडवणारी, मुलं-म्हातारी भाजू नयेत म्हणून. ती उन्हाळ्यात लावलेली असणार. मिनिआपोलिस मिसिसिपी नदीचं पाणी घेतं. जुलैत ते वीसच्या वर, जानेवारीत नळाला चार-पाच. अडसर तोच, गार पाणी पंधरा अंशांनी जास्त गार, मग मिश्रण कोमट होणारच. चकती दोन दाते सरकवली की सुटतं; मालकाच्या माणसानं पाच मिनिटांत केलं. थर्मामीटर लावून, जास्तीत जास्त ४९ वर थांबेल असं. साठ अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत भाजतं, ४९ ला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात माणूस बाजूला होतो. थंडी सरली की चकती परत मागे, हे भाच्याच्या फोनवर आठवण म्हणून टाकायला लावलं, एप्रिलच्या शेवटाला.

२४ जानेवारी, मुरुड

काकूंकडे शेवटची पाहणी. सोलर: सकाळी सातला ५६ अंश. शेंडे उतरवल्याचा आणि उलटा प्रवाह थांबल्याचा, दोन्हींचा मिळून दहा अंशांचा फायदा. ४० अंशांसाठी आता शंभरात छप्पन वाटे गरम पुरतं, म्हणजे त्याच टाकीत जास्त माणसं न्हातात.

राहिलेली अडचण: सुरुवातीची धार अजून गार येते. सोलरपासून न्हाणीघरापर्यंत स्लॅबवरून चौदा मीटर नळी उघडी आहे, तिच्यात साडेतीन-चार लिटर पाणी रात्रभर गार होत बसतं. फोमची सालं चढवली. नुसता फोम इथल्या उन्हात आणि खाऱ्या हवेत वर्षभरात भुगा होतो, म्हणून वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप, जोड खालच्या बाजूला ठेवून, पावसाचं पाणी आत जाऊ नये असा. अर्धी गुंडाळून झाली, टेप संपली. उरलेली पुढच्या फेरीत.

नळीतलं पाणी तरीही पूर्ण गरम राहणार नाही. ती गार धार बादलीत धरून झाडांना घालायची असं काकूंनीच ठरवलं.

शेजारच्या घरीही सोलर आहे, पंप आहे, आणि तक्रारही हीच. वर चढून पाहिलं: पंप फक्त गार ओळीवर, आणि हवानळीखाली तसाच हिरवा ओघळ. त्यांनी नवे शॉवर आधीच आणून ठेवलेत. खोकी उघडू नका, बिलं जपून ठेवा, असं सांगून आलो. रविवारी सकाळी सातला, कुणी आंघोळीला जाण्याआधी, तिथं मोजणी.